लायब्ऱ्या बघून भाषा निवडायची तर नेमकं बघायचं काय?

अर्धविराम
मंडळी, जरा मदत हवीय. आमची तिघांची टीम नवीन सर्व्हिस लिहायला घेतेय. काम ऐकायला सोपं आहे, मेलवर आलेली इनव्हॉइसची पीडीएफ उचलायची, त्यातला मजकूर आणि टेबलं काढायची, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टाकायची आणि वर एक छोटी एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना ती माहिती मागता यावी अशी सोय. पण भाषेवरून घोडं अडलंय. मी पायथनवाला, दुसरा नोडवाला (म्हणजे सर्व्हरवरचं जावास्क्रिप्ट) आणि तिसऱ्याला गो आणि रस्टपलीकडे काही दिसतच नाही. वाद घालता घालता नोडवाल्याने आकडेच पुढे केले, एनपीएमवर (नोडचं पॅकेजेसचं कोठार) वीस लाखांच्या वर पॅकेजेस, पायपीआयवर (पायथनचं तसंच कोठार) पाच लाखांच्या वर, रस्टकडे त्यामानाने किरकोळ, म्हणजे नोडच घ्यायचं, विषय संपला. मला हे पटत नाहीये पण नीट उत्तरही देता येईना, कारण एनपीएमवर नुसतं पीडीएफ म्हणून शोधलं तर पानंच्या पानं येतात आणि त्यातल्या निम्म्यांना हात लावायची इच्छा होत नाही. तर संख्येला काही अर्थ आहे का, आणि एखाद्या भाषेच्या लायब्ऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला आयता कोड, एकूणात चांगल्या की वाईट हे ठरवायचं तरी कसं? भाषायुद्ध नकोय, खरंच कामाचं सांगा.

नलपॉइंटर
भाषायुद्ध नकोय म्हणालात म्हणजे होणारच 😀

संख्या सोडून द्या हो. त्या वीस लाखांत दिलेला आकडा विषम आहे का हे सांगणारं इज-ऑड नावाचं पॅकेज आहे, आणि सम आहे का हे सांगणारं इज-इव्हन आहे जे आतून इज-ऑडला विचारतं आणि उत्तर उलटं करून देतं. तुमच्या मित्राच्या मोजणीत ही दोन्ही धरलेली आहेत.

त्यापेक्षा तुम्हाला काय काय लागणार ते लिहून काढा. एचटीटीपी, पोस्टग्रेस, मेल, लॉगिंग हे कुठल्याही जिवंत भाषेत धड मिळतं, तिथे डोकं लावू नका. तुमची गाडी अडणार ती पीडीएफवर, म्हणून फक्त त्या एका कोपऱ्यात प्रत्येक भाषेची काय अवस्था आहे ते बघा. आणि ती अवस्था बाहेरून दिसते तशी नसते. पायथनचंच घ्या. पायपीडीएफ नावाची लायब्ररी होती, ती थांबली, मग पायपीडीएफ२ आली, मग तिच्यावरून ३ आणि ४ अशा नावांचेही फोर्क (तोच कोड घेऊन केलेले वेगळे प्रोजेक्ट) निघाले, आणि आकडा मोठा म्हणजे नवीन असं समजून लोक ४ उचलायचे जी केव्हाच बंद पडलेली. शेवटी २०२२ च्या अखेरीस सगळं पुन्हा मूळ बिनआकड्याच्या नावावर आणलं गेलं, म्हणजे आज चालू आहे ती नुसती पायपीडीएफ. पण जुनी उत्तरं आणि ब्लॉग अजून २ च सांगतात, आणि ती गुपचूप इन्स्टॉलही होते, त्यामुळे नवीन माणसाला कळणार कसं? पीडीएफमायनरचंही तेच, मूळ बंद, चालू आहे ती पीडीएफमायनर डॉट सिक्स. तिच्यावर बांधलेली पीडीएफप्लंबर टेबलांसाठी चांगली आहे, तुमच्या कामाला मी आधी तीच लावून बघेन. पायम्यूपीडीएफ वेगात या सगळ्यांना मागे टाकते पण लायसन्स एजीपीएल (म्हणजे आपला कोडही खुला करायची अट), नाहीतर पैसे मोजून कमर्शियल घ्यायचं. हे कोड लिहून झाल्यावर नाही, आज बघा.

म्हणजे एकाच भाषेत, एकाच कामासाठी, उत्तम, मेलेलं आणि वकिलाला विचारून घ्यावं असं सगळं शेजारी शेजारी पडलेलं असतं. "पायथनच्या लायब्ऱ्या चांगल्या" या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

गोफण
वरचं पटलं, पण एक गोष्ट राहिली. भाषेभाषेत फरक असतोच, आणि तो बाहेरच्या लायब्ऱ्यांत नसून स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे भाषेबरोबरच येणाऱ्या लायब्ररीत असतो. गोमध्ये एचटीटीपी सर्व्हर, जेसन, टीएलएस (सुरक्षित जोडणी), टेस्टिंग सगळं घरचंच येतं, त्यामुळे बाहेरून आणायची वेळच कमी येते, आणि बाहेरच्या लायब्ऱ्याही त्याच घरच्या इंटरफेसवर बांधलेल्या असतात म्हणून एक काढून दुसरी लावताना अख्खा कोड उकरावा लागत नाही. गोरिला मक्स नावाचा राउटर (आलेली विनंती कुठल्या कोडकडे द्यायची ते ठरवणारा) बहुतेक सगळे वापरायचे, डिसेंबर २०२२ मध्ये तो प्रोजेक्ट आर्काइव्ह झाला म्हणजे थांबला, बोंब झाली, पण तो घरच्या नेट-एचटीटीपीच्याच हँडलरवर असल्यामुळे लोक निवांत दुसरीकडे गेले. (पुढच्या वर्षी नवीन मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारे, आले आणि तो परत सुरू झाला तो भाग वेगळा.) मग फेब्रुवारी २०२४ मध्ये गो १.२२ आलं आणि मेथड आणि वाइल्डकार्डवाले रूट स्टँडर्ड लायब्ररीतच आले, आता छोट्या एपीआयला बाहेरचा राउटर लागतच नाही. लॉगिंगचंही तसंच, लॉगरस, झॅप, झिरोलॉग असे तीन तट होते, १.२१ मध्ये स्टँडर्ड लायब्ररीतच एसलॉग आलं आणि भांडण बरंचसं मिटलं.

गो बनवणाऱ्यांपैकी रॉब पाइकचं एक वाक्य गोवाल्यांच्या तोंडी कायम असतं की थोडी कॉपी केलेली बरी, थोडी डिपेंडन्सी (बाहेरच्या कोडवर अवलंबून राहणं) नको. बाकीच्यांना हा कंजूषपणा वाटतो. वाटू दे.

अर्धविराम
@गोफण आणि पीडीएफ?

गोफण
तिथे मात्र हात वर 🙈 पीडीएफ जोडणं, तोडणं, पानं काढणं यासाठी पीडीएफसीपीयू छान आहे, पण टेबलांसकट मजकूर काढायचा म्हटलं की युनिपीडीएफ, आणि ती कमर्शियल. त्या एका गोष्टीसाठी मीसुद्धा गो सुचवणार नाही.

वर्ग_वारसा
जावाचं नाव कोणी काढलं नाही म्हणून मीच काढतो, शिव्या नंतर घाला.

अपाची पीडीएफबॉक्स. लायसन्स अपाची, वर्षानुवर्षं चालू आहे, आणि गंमत सांगतो, पायथनवाले टेबलं काढायला टॅब्युला-पाय वापरतात ना ती आतून टॅब्युला-जावा चालवते, आणि टॅब्युला-जावा पीडीएफबॉक्सवर उभी आहे. मशीनवर जावा नसेल तर ती पायथन लायब्ररी चालतच नाही. म्हणजे "पायथनमध्ये सगळं मिळतं" मधलं थोडं सगळं आमच्याकडून जातं.

दुसरं म्हणजे मेव्हन सेंट्रल या जावाच्या पॅकेजेसच्या कोठाराचे नियम. एकदा टाकलेलं व्हर्जन बदलता येत नाही, काढताही येत नाही, आणि नाव घ्यायचं तर आधी त्या डोमेनवर किंवा रिपोवर तुमचा हक्क आहे हे दाखवावं लागतं. एनपीएमवर मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड या चिमुकल्या पॅकेजचं जे झालं, म्हणजे नावावरून वाद झाला, लेखकाने रागाने आपली पॅकेजेस काढून टाकली आणि अकरा ओळींच्या त्या फंक्शनपायी जगभरातले बिल्ड कोसळले, ते इथे होऊच शकलं नसतं. लोक याला नोकरशाही म्हणतात, मी याला झोप लागणं म्हणतो.

आणि चांगली लायब्ररी भाषेत मुरते कशी तेही बघण्यासारखं आहे. जावाचे जुने तारखेचे क्लास म्हणजे शिक्षा होती, जानेवारी शून्यापासून मोजायचे, सगळे जोडा-टाइम वापरायचे. मग जोडाच्या लेखकालाच बरोबर घेऊन २०१४ मध्ये जावा ८ मध्ये नवीन तारीख एपीआय आली आणि जोडाच्या पानावरच लिहिलं गेलं की आता तिकडे जा. स्वतःच्या लायब्ररीवर असं लिहायला मोठं मन लागतं.

नलपॉइंटर
@वर्ग_वारसा झोप लागते म्हणताय, डिसेंबर २०२१ मध्ये लागली होती का? जावाची लॉगिंगची लायब्ररी लॉग४जे विसरलात वाटतं. मोठी संस्था, नावाजलेली लायब्ररी, मेव्हनचे सगळे नियम पाळलेले, आणि तरीही लॉगमध्ये एक खास ओळ आली की बाहेरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवायची. बाहेरून गोष्टी शोधून आणणारं ते जेएनडीआय लुकअप २०१३ पासून आत होतं. इतकी वर्षं कोणाला खटकलं नाही कारण लॉगिंगची लायब्ररी कोण वाचत बसतं.

वर्ग_वारसा
तो आठवडा कोणालाच लागली नाही, मान्य. पण ती चूक फीचरच्या हव्यासाची, रिपॉझिटरीची नाही. लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीला नेटवर्कवर जायची गरजच काय होती? माझ्या मते क्वालिटी बघताना पहिला प्रश्न हाच, ही लायब्ररी तिच्या कामापेक्षा जास्त काय काय करते.

गंजलेला_खिळा
रस्टवाला आलो. तुमच्या तिसऱ्या मित्राला माझा नमस्कार सांगा पण या कामाला रस्ट नको असंही सांगा 😅

कार्गो (रस्टचं पॅकेजेस सांभाळणारं साधन) सुंदर आहे यात वाद नाही, प्रत्येक क्रेटची (आमच्याकडे पॅकेजला क्रेट म्हणतात) डॉक्युमेंटेशन डॉक्स डॉट आरएस वर आपोआप एकाच साच्यात तयार होते, हे सुख भोगल्याशिवाय कळत नाही. क्रेट यँक केलं म्हणजे मागे घेतलं तरी ज्यांच्या लॉक फाइलमध्ये (वापरलेल्या नेमक्या व्हर्जन्सची यादी) आहे त्यांचं चालूच राहतं. पण स्टँडर्ड लायब्ररी मुद्दाम लहान ठेवलीय, रँडम नंबर आणि रेजेक्ससुद्धा (मजकुरात नमुने शोधणं) बाहेरून. त्यामुळे गोमध्ये जिथे शून्य डिपेंडन्सी असते तिथे आमच्याकडे छोट्याशा वेब सर्व्हिसच्याही लॉक फाइलमध्ये शेकड्यांनी क्रेट दिसतात. आणि त्यातले कित्येक वर्षानुवर्षं ०.काहीतरी वर अडकलेले. बाहेरून आलेल्याला वाटतं हे अजून कच्चं आहे, प्रत्यक्षात त्यातले बरेच दणकट असतात आणि लेखक फक्त १.० म्हणायला घाबरत असतो.

खरा त्रास वेगळाच. कार्गो एकाच क्रेटची दोन न जुळणारी व्हर्जन्स एकाच बिल्डमध्ये बिनतक्रार घेतो. मग एका लायब्ररीने दिलेला डेटाचा प्रकार (टाइप) दुसरीला द्यायला जाता आणि कंपायलर म्हणतो, अमुक प्रकार हवा होता, अमुक मिळाला, आणि दोन्ही नावं अक्षरशः सारखीच! खाली बारीक अक्षरात सूचना असते की या क्रेटची दोन व्हर्जन्स तर नाहीत ना. पहिल्यांदा बघणारा माणूस स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतो. कार्गो ट्री ला डी लावून चालवा, दुप्पट झालेली सगळी दिसतात.

आणि फॅशन पण बदलत राहते. ग्लोबल व्हेरिएबल उशिरा तयार करायचा तर आधी लेझी-स्टॅटिक, मग वन्स-सेल, आणि मग २०२३-२४ मध्ये तेच भाषेत आलं. जुना कोड उघडला की कुठल्या सालचा ते यावरून ओळखता येतं.

बंडल_बहाद्दर
नोडला एवढं झोडपलंत, आता माझंही ऐका. एनपीएमवर छोटी छोटी पॅकेजेस का झाली? कारण भाषेत काहीच नव्हतं, आणि ब्राउझरला पाठवायचं म्हणजे एकेक केबी वाचवायचा, मोठी लायब्ररी घेऊन त्यातलं एक फंक्शन वापरणं परवडायचं नाही. कारण होतं, मूर्खपणा नव्हता. लेफ्ट-पॅडनंतर नियमही बदलले, दुसरे अवलंबून असलेलं जुनं पॅकेज आता असं उठून काढता येत नाही, आणि लेफ्ट-पॅडचंच काम करणारं पॅड-स्टार्ट भाषेतच आलं २०१७ च्या स्टँडर्डमध्ये. नोड १८ पासून वेबवरून डेटा आणणारं फेच आत आहे, टेस्ट रनर आत आहे. रिक्वेस्ट नावाची प्रचंड वापरली जाणारी लायब्ररी फेब्रुवारी २०२० मध्ये लेखकांनी स्वतःहून डेप्रिकेट केली (आता वापरू नका असं जाहीर केलं), त्याच वर्षी तारखांची लायब्ररी असलेल्या मोमेंटवाल्यांनीही सांगितलं की नवीन प्रोजेक्टमध्ये आम्हाला घेऊ नका. हा प्रामाणिकपणा किती ठिकाणी दिसतो?

बाकी मेंटेनरची अडचण आहे ती आहेच. २०१८ चं इव्हेंट-स्ट्रीम आठवा, मूळ लेखकाला कंटाळा आलेला, कोणीतरी अनोळखी मदत करतो म्हणाला, त्याने चाव्या दिल्या, आणि त्या अनोळख्याने एक नवीन डिपेंडन्सी घुसवून बिटकॉइन वॉलेट लुटायचा कोड सोडला. यात जावास्क्रिप्टचा दोष काय? २०२४ मध्ये एक्सझेडचं तेच झालं, ती तर फाइली दाबून लहान करणारी सी मधली लायब्ररी, जवळजवळ सगळ्या लिनक्सवर असणारी. एका माणसाने दोनेक वर्षं सभ्यपणे पॅच पाठवून विश्वास मिळवला आणि मग मागचं दार बसवलं. ते सापडलं कसं तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएच (दूरच्या मशीनवरचं) लॉगिन अर्धा सेकंद जास्त का घेतंय याची खाज सुटली म्हणून.

अर्धविराम
वाचून आता सगळंच स्वतः लिहावं असं वाटायला लागलंय. बरं, व्यवहाराचं विचारतो, समोर चार लायब्ऱ्या आहेत आणि माझ्याकडे अर्धा तास आहे, तुम्ही लोक नेमकं काय उघडून बघता? गिटहबवर लोकांनी दिलेले स्टार बघून काही कळतं का?

जुनी_रिपो
स्टार म्हणजे कधीतरी कोणाला तरी आवडली होती एवढंच. डाउनलोडचा आकडाही फसवा, कुठल्यातरी मोठ्या लायब्ररीच्या पोटात बसली असेल तर सगळ्यांच्या सीआयमध्ये (आपोआप चालणारे बिल्ड आणि टेस्ट) रात्रंदिवस उतरत राहते, तिला जाणूनबुजून निवडणारे त्यातले किती ते कळत नाही.

मी सगळ्यात आधी बंद झालेले इश्यू (लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी) उघडते, उघडे नाही, बंद. उघडे शेकड्याने असले तरी काही बिघडत नाही, लोकप्रिय लायब्ररीचे असणारच. बंद झालेल्यांत उत्तर काय दिलंय ते वाचायचं. कोणीतरी नीट उदाहरणासकट बग दिला आणि त्यावर "पुढच्या रिलीजमध्ये दुरुस्त, टेस्ट जोडली" असं असेल तर मला अर्धी खात्री पटते. बॉटने "बरेच दिवस हालचाल नाही" म्हणून एकामागून एक बंद केलेले असतील तर मी टॅब बंद करते. मग चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद. मायनर व्हर्जनमध्ये काय काय मोडलंय ते बघायचं, कारण सेमव्हरची (व्हर्जनचा आकडा कधी कसा वाढवायचा याचा नियम) शपथ सगळे घेतात आणि पाळतात थोडे. मग डिपेंडन्सीची यादी, पीडीएफ वाचणाऱ्या लायब्ररीला रंगीत टर्मिनल आउटपुटची लायब्ररी कशाला लागते असे प्रश्न तिथेच पडतात. आणि शेवटी तुमच्याकडच्या सगळ्यात वाह्यात पाच फाइली तिला खायला घालायच्या, रीडमीमधली नमुन्याची फाइल नाही. या शेवटच्या कामाला अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं ठेवा, बाकी सगळं कमी केलं तरी चालेल.

शेवटचा कमिट कधीचा हे मात्र जपून वाचा. बेस६४ करणाऱ्या लायब्ररीला तीन वर्षं हात लागला नसेल तर ती पूर्ण झालीय, मेलेली नाही, क्लोजरवाले तर असल्या लायब्ऱ्या अभिमानाने वापरतात. पण कुठल्या बाहेरच्या एपीआयशी बोलणारी किंवा टीएलएस हाताळणारी लायब्ररी तीन वर्षं गप्प असेल तर तिला लांबूनच नमस्कार.

सरासरी_विचलन
आर ही आकडेवारीची भाषा वापरणाऱ्याकडून एक भर. क्रॅनवर (आरच्या पॅकेजेसचं कोठार) पॅकेज टाकायचं म्हणजे ऑटोमॅटिक तपासण्या पार करायच्याच, वर माणसंही बघतात, आणि तुमच्या नवीन व्हर्जनमुळे तुमच्यावर अवलंबून असलेल्या दुसऱ्यांची पॅकेजेस मोडत नाहीत ना हेही तुम्हीच आधी तपासायचं. तपासणीत नापास झालात आणि वेळेत दुरुस्त केलं नाहीत तर पॅकेज आर्काइव्ह. लेखक लोक जाम वैतागतात, पण वापरणाऱ्याला बहुतेक वेळा सगळं एकमेकांशी जुळलेलं मिळतं. हॅस्केलमध्ये स्टॅकेज साधारण हेच करतं, एकत्र बिल्ड होणाऱ्या व्हर्जन्सचा संच. अर्थात पॅकेज चालतं म्हणजे त्यातलं गणित बरोबर आहे असं नाही, ते क्रॅन तपासत नाही.

बंडल_बहाद्दर
आणि एक राहिलं, नाव एआयला विचारून सरळ इन्स्टॉल मारू नका. नसलेली पॅकेजेस अगदी आत्मविश्वासाने सुचवली जातात, आणि तशी नावं आधीच अडवून त्यात घाण भरून ठेवणारे लोक आहेत. पायथनमध्ये तर आधीच गोंधळ, इन्स्टॉल करायचं ओपनसीव्ही-पायथन आणि इम्पोर्ट करायचं सीव्ही२, त्यामुळे अंदाजाने नाव टाकायची सवय सगळ्यांनाच.

अर्धविराम
धन्यवाद सगळ्यांना. आता ठरतंय ते असं की पायथन, पीडीएफप्लंबर आणि व्हर्जन्स लॉक करून, आणि तीच फाइल पीडीएफबॉक्सलाही देऊन तुलना. नोडवाला एपीआय लिहितो म्हणतोय, लिहू दे. जुनी_रिपो म्हणाल्या तशा वाह्यात फाइली काढायला बसलो तर त्यातल्या बऱ्याच स्कॅन केलेल्या निघाल्या, मजकूर सिलेक्टच होत नाही, नुसता फोटो. पीडीएफप्लंबर रिकामी स्ट्रिंग देतंय.

नलपॉइंटर
मग अर्धा वाद फुकट गेला 😀 फोटो असेल तर ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणं, आणि फुकटातलं ओसीआर म्हटलं की बहुतेक वेळा टेसरॅक्टच. ते सी++ मधलं, एचपीमध्ये जन्मलेलं, २००५ मध्ये ओपन सोर्स झालेलं. पायटेसरॅक्ट घ्या, जावाची टेस४जे घ्या नाहीतर गोची गोसेरॅक्ट, खाली इंजिन तेच, वरचं फक्त वेष्टन. पायटेसरॅक्ट तर निव्वळ कमांड चालवून आउटपुट वाचते, इंजिन मशीनवर वेगळं बसवावं लागतं, डॉकर इमेजमध्ये ते टाकायला विसरू नका. आणि आधी दोन ढीग करा, ज्या पानावर मजकूर सापडतो ते पीडीएफप्लंबरकडे आणि ज्यावर काहीच सापडत नाही ते ओसीआरकडे, सगळंच ओसीआरला दिलंत तर चांगल्या फाइलींतले आकडेही बिघडवून ठेवेल.

जुनी_रिपो
आणि ओसीआरवाल्या फाइलींत ओळींची बेरीज खालच्या टोटलशी जुळते का ते कोडमध्येच तपासा, ८ चा ३ झालेला दुसरा कोणी पकडणार नाही.

अर्धविराम
दोन ढीग करायला लागलो. स्कॅनवाला ढीग मोठा आहे.